दोनदा आलेला महिना

आमच्या राम्नूस गावच्या पुरुषांना देवीचा बाप ठरवायला तीन दिवस लागले. माझ्या नातीला बाप नाही हे ठरवायला माझ्या मुलाला दोन हातांची बोटं पुरली, तीही सगळी नाही.

आधी नातीचं सांगते.

उन्हाळा लागला होता. खळ्यावर जवाची मळणी चालू होती आणि वाऱ्याबरोबर भुसा अंगणात येत होता. माझी सून मिर्तो सकाळी दळायला बसली, दोन मुठी दळल्या आणि तिथंच जात्याचा दगड घट्ट धरून म्हणाली, "सासूबाई, आली वाटतं." दुपार कलायच्या आत मुलगी झाली. मानिया सुईणीनं तिला पायांना धरून उलटी केली, तर पोरीनं असा टाहो फोडला की मानिया हसायला लागली.

"ऐका हिचं! खाडीपलीकडच्या बकऱ्या बुजल्या असतील. आणि नखं बघा हिची, बोटांच्या पुढं आलीत. पुऱ्या दिवसांची आहे हो तुमची नात."

"हळू बोल गं बाई," मी म्हणाले, आणि वस्त्राच्या चुण्यांत तीनदा थुंकले. आमच्या गावात सुखाचं मोठ्यानं बोलत नाहीत. टेकडीवर देवी बसली आहे ना. नेमेसिस तिचं नाव. ज्याच्या वाट्याचं जे आहे ते त्याला पोचवते, आणि कुणी जास्त उचललं असेल तर हात धरून काढून घेते.

मी दारावर लोकरीचा पुंजका टांगला. मुलगा असता तर ऑलिव्हची डहाळी टांगली असती.

दुसऱ्या दिवशी माझा मुलगा निकोन आला. देवीच्या नव्या देवळासाठी पारोस बेटावरून संगमरवर येतो. तो आणणाऱ्या नावेवर निकोन काम करतो. वर्षातले बरेच महिने तो तिकडं खाणीपाशीच असतो. दारावरची लोकर बघून तो हसला. हात धुऊन आत आला, बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यातूनच त्यानं बाळ पाहिलं. ते रडत होतं. तो ऐकत उभा राहिला. मग त्याचं हसू हळूहळू पुसत गेलं, ओल्या फडक्यानं पाटी पुसावी तसं.

"आई, जरा बाहेर ये."

अंजिराखाली त्यानं मला विचारलं, "मी गेल्या खेपेला कधी आलो होतो?"

"शेंगांच्या सणाला. पाच दिवस होतास. तुझ्या बायकोनं शेंगा करपवल्या होत्या आणि तू दोनदा मागून घेतल्या होत्यास."

"मग मोज."

आणि तो स्वतःच मोजायला लागला. एकेका महिन्याचं नाव घ्यायचा आणि एकेक बोट दुमडायचा. शेवटी दुमडलेली बोटं माझ्यापुढं धरली. आठ.

"सातव्या महिन्याचं मूल जगतं," तो म्हणाला. "नवव्याचं जगतं. आठव्याचं निळं पडतं आणि जातं. हे कुणाला सांगायला लागत नाही. ही बघ कशी ओरडतेय. नखं बघितलीस? ही नऊ महिन्यांची आहे, आई. म्हणजे मी यायच्या आधीची."

मी त्याच्या बोटांकडे बघत होते. हिवाळ्यात पोसेइदोनचा महिना येतो, थंडीचा, वादळांचा. त्या महिन्याला त्यानं एकच बोट दुमडलं होतं. यंदा तो महिना आमच्याकडे दोनदा आला होता. चंद्राचा आणि ऋतूंचा मेळ बसेना म्हणून अथेन्सच्या लोकांनी अधिक महिना घातला होता. मी आणि मिर्तोनं तो सबंध जास्तीचा महिना एका पांघरुणात कुडकुडत काढला होता. पारोसवर तो घातला नव्हता. गावागणिक पंचांग वेगळं. निकोन तेव्हा तिकडं होता, त्याच्यासाठी तो महिना आलाच नाही. एक बोट दुमडायचं राहिलं होतं. एवढंच.

'अरे, यंदा पोसेइदोन दोनदा आला.' इतकंच सांगायचं होतं. मी तोंड उघडलं. आणि म्हणाले, "घरचा कर्ता तू आहेस."

तो खाली बसला. "गावात हसं नको. मुलगी झाली, नको होती, एवढंच सांगायचं. मिर्तोलाही तेच."

"तिला विचारणार नाहीस?"

"विचारलं आणि ती खरं बोलली, तर तिला घरात ठेवता येणार नाही मला. कायदाच आहे तसा. आणि मला ती हवी आहे, आई." त्यानं दुमडलेली बोटं उलगडली. "मूल जाईल. ती तरी राहील."

आमच्याकडे पाचव्या दिवशी बाप बाळाला हातांत घेऊन चुलीभोवती धावत फेरे घालतो. फेरे झाले की ते मूल घरचं. फेरे नाहीत तर ते कुणाचंच नाही. त्याला मडक्यात घालून गावाबाहेर ठेवून येतात. माझ्या हातात तीन दिवस होते.

मी का बोलले नाही ते सांगते. सव्वीस वर्षांपूर्वी मला पहिली मुलगी झाली होती. धडधाकट, डोक्यावर दाट काळं जावळ. माझा नवरा म्हणाला, "पहिलीच पोरगी? नको." सासू तिथंच लोकर पिंजत बसली होती. तिनं मान वर केली नाही. पुढच्या वर्षी निकोन झाला आणि त्या पोरीचं कुणी नावही काढलं नाही. नाव ठेवलंच नव्हतं म्हणा. मी रडले तेवढी रडले. मग दळण होतं, विणणं होतं.

आणि आता माझा मुलगा आपल्या बायकोच्या पायांशी बसून तिच्या चपलेचा बंद बांधतो. तिच्यासाठी पारोसहून कंगवा आणतो. ती करपलेल्या शेंगा वाढते आणि हा दोनदा मागून घेतो. आणि एवढ्यावर मुलगी झाली तर तीही चुलीभोवती मिरवायची? अंजिराखाली त्याची आठ बोटं दिसली आणि माझ्या आत कुणीतरी म्हणालं, माझी गेली, हिची का राहावी? मिर्तोनं माझं काही वाईट केलेलं नव्हतं. केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

उद्या सांगेन, असंही मी मनाशी म्हणाले. हेही खरं आहे.

तिसऱ्या दिवशी मला सणाच्या गाण्याच्या तालमीला देवळात जावं लागलं. देवीच्या सणाला बायकांचं गाणं मी सांगते आणि बाकीच्या मागून म्हणतात. माझ्या आजीपासूनचं गाणं आहे:

काळ्या रातीला गं नाही, दीर, सासरा, ना धनी
एकटीनं दिल्या कळा, लेक जन्मली देखणी

देखण्या त्या लेकीच्या गं, हाती मोजायाची काठी
कुणी जास्त घेतलं की, उभी राही त्याच्या पाठी

गाणं सुरू झालं न झालं तोच गावचा प्रमुख थ्रासोन घाम पुसत आला.

"थांबा, थांबा. हे बदलायचं. नवी मूर्ती येतेय, देवीला बाप पाहिजे."

आमची पुजारीण क्लेइतो म्हातारी आहे, काठीवर वाकून चालते. तिनं विचारलं, "सापडला का? तीन दिवस शोधताय म्हणे सगळे मिळून."

"महासागर. बहुमतानं ठरलंय."

"त्याला विचारलंत?"

बायका फिदीफिदी हसल्या. थ्रासोनचे कान लाल झाले. "थट्टा नको, क्लेइतोबाई. अथेन्सहून मोठमोठी माणसं बघायला येतील. हल्ली आई-बाप दोन्ही दाखवता आले नाहीत तर माणसालासुद्धा नागरिकांच्या यादीत घेत नाहीत. आणि आपली देवी अशी? बिनबापाची? शेजारच्या गावाला आयतंच मिळेल बोलायला."

"आणि आई? ही रात्र कुठल्या गावची? तिचं नाव आहे का तुझ्या यादीत?"

"ते मला माहीत नाही. गाण्यात महासागर आला पाहिजे," असं म्हणून तो गेला. जाताना पायरीवर अडखळला, तेव्हा बायका पुन्हा हसल्या.

बायका पांगल्यावर मी क्लेइतोजवळ बसून राहिले. बाहेर बियोन नावाचा पारोसचा पाथरवट मूर्तीच्या चौथऱ्यावर कोळशानं आकृत्या काढत होता.

"खरंच का गं रात्रीनं एकटीनं जन्म दिला?" मी विचारलं.

"एकटीनं बरीच पोरं काढली तिनं. मरण, झोप, कपट, म्हातारपण, भांडण. त्यांच्यातच ही."

"कपट आणि ही, एका कुशीतून?"

"पाठोपाठच्या बहिणी. एक घरात शिरली की दुसरी दाराशी येऊन उभी राहते. घाई नसते तिला." क्लेइतोनं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत मोतीबिंदू आहे तिच्या, किती दिसतं देव जाणे. "बापाचं काय घेऊन बसलीस? सगळ्याला बाप लागत नाही, लिसिला. काही काही गोष्टी माणूस एकटाच वाढवतो पोटात. तुझी नात कशी आहे?"

"चांगली आहे," मी म्हणाले. वस्त्रात थुंकायलाही विसरले.

निघताना बियोननं हाक मारली. "मावशी, या, बघून जा." चौथऱ्यावर एक बाई एका मुलीला हाताला धरून पुढं आणत होती आणि समोर देवी उभी होती. ही गोष्ट आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. देवीनं हंसिणीच्या रूपात अंडं घातलं आणि ती निघून गेली. त्यातली पोर दुसऱ्याच बाईनं वाढवली. इथं ती बाई पोरीला तिच्या खऱ्या आईकडे घेऊन येतेय.

"आणि ओळखते का ती?" मी विचारलं.

"दगडात सगळेच ओळखतात, मावशी," बियोन म्हणाला आणि दगडावरची कोळशाची भुकटी फुंकायला लागला.

घरी आले तर मिर्तो उठून बसली होती. तिला कळलं होतं. निकोननं उंबऱ्यातूनच सांगितलं होतं, मुलगी ठेवायची नाही.

"सासूबाई, ते असं बोलतील असं कधी वाटलं नव्हतं. तेच म्हणाले होते मागच्या खेपेला, मुलगी झाली तर तुझ्यासारखं नाक नको म्हणून." ती हसायला गेली आणि ओठ वेडेवाकडे झाले. "तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतात ते. काय झालंय त्यांना? माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत."

"सांगते," मी म्हणाले.

चौथा दिवस गेला. मी जवाची पेज केली, बाळाची दुपटी धुतली, अंगण झाडलं. निकोन खाली धक्क्यावर जाऊन बसायचा. दोनदा मी त्याच्यासाठी भाकरी घेऊन उतरले. दोन्ही वेळा भाकरी देऊन वर आले.

पाचव्या दिवशी उजाडताच त्यानं मडकं आणून अंगणात ठेवलं. मोठं, दोन कानांचं, नवं. "आई, तू ने," म्हणाला, आणि पाठ फिरवली.

मिर्तोनं पोरीला पोटभर पाजलं. दोन्ही बाजूंनी. इतकं पाजलं की दूध पोरीच्या ओठांच्या कडेनं ओघळायला लागलं. स्वतः विणलेल्या फडक्यात गुंडाळलं, मनगटाला तांबडा लोकरीचा धागा बांधला, एक गाठ, त्यावर दुसरी गाठ. मग माझ्या हातात दिलं.

"वाटेच्या जवळ ठेवा. उन्हात नको. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी ठेवा." आणि मग, "सांगितलंत ना तुम्ही त्यांना?"

"सांगितलं," मी म्हणाले.

गडाच्या तटाखालून एक पायवाट लहान बंदराकडे उतरते. मी मडकं कमरेवर घेतलं होतं, पाण्याचा हंडा घ्यावा तसं. पोर झोपली होती. अर्ध्या वाटेवर एक मोठं झुडूप आहे, त्याची सावली दुपारपर्यंत टिकते. तिथं मडकं ठेवलं. ते कलंडू नये म्हणून दोन बाजूंना दगड लावले. पोरीनं डोळे उघडले. मी हात आत घातला तर तिनं माझं बोट धरलं. ती काही मला ओळखून धरत नव्हती, पोरं काहीही धरतात. मी बोट सोडवून घेतलं आणि निघाले.

सव्वीस वर्षांपूर्वी माझी कुठं ठेवली होती, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. चढ चढताना हाच विचार डोक्यात होता. ही तरी मला ठाऊक आहे, म्हटलं.

घराच्या दाराशी शेजारीण उभी होती. पाचव्या दिवसाच्या फेऱ्यांना शेजारपाजारचे लोक समुद्रातली माखळी पाठवतात. तिनं दोन मोठ्या माखळ्या काठीला अडकवून आणल्या होत्या, अजून त्यांतून पाणी ठिबकत होतं.

"झाले का गं फेरे? मला उशीर झाला. धावला का निकोन? का आपटला चुलीवर? माझा तर तिसऱ्या फेरीला घसरला होता, मेला, बाळापेक्षा मोठ्यानं ओरडला." ती आत डोकावत होती. "कुठाय पोर?"

मी तिला ढकलून आत गेले. निकोन थंड चुलीसमोर बसला होता.

"पोसेइदोन दोनदा आला होता," मी म्हणाले.

"काय?"

"महिना. यंदा. आपल्याकडे अधिक महिना होता. तू पारोसवर होतास. नऊ झाले, निकोन. पुरे नऊ. ती तुझी आहे."

त्यानं हात वर केले. पुन्हा मोजायला लागला, ओठ हलवत, लहान मूल मोजतं तसं. हिवाळ्यापाशी थांबला. आणखी एक बोट दुमडलं. मग तो उठला, शेजारणीच्या हातातल्या माखळ्या उडाल्या, आणि तो पायवाटेनं खाली धावत सुटला. मी मागून. माझ्याही मागून मिर्तो येत होती. बाळंतपणाला पाच दिवस झालेली बाई, भिंतीला धरत धरत.

मडकं होतं. दगड लावलेले तसेच होते. आत फडकं नव्हतं, पोर नव्हती. तळाला तांबडा धागा पडला होता. त्याच्या दोन्ही गाठी सोडलेल्या होत्या.

कुत्री गाठी सोडत नाहीत. ज्यानं तिला नेलं त्याला ती पुढं कधी कुणी ओळखायला नको होती. मूल हवं असलेली माणसं धागा ठेवतात. विकायला नेणारे काढून टाकतात. खाली बंदरातून दोन नावा बाहेर पडल्या होत्या, एक दक्षिणेला वळत होती, दुसरीचं शीड नुसतं ठिपक्याएवढं दिसत होतं. निकोन पाण्यात छातीपर्यंत गेला आणि ओरडत राहिला. त्याला ओरडायला तिचं नावही नव्हतं. नुसतं "ओ! ओ!" करत होता.

तो परत आला तेव्हा मी वाटेवरच बसले होते.

"तुला कधी आठवलं?" त्यानं विचारलं. त्याला अजून वाटत होतं की मी विसरले होते. हो म्हणायचं, एवढंच होतं. माझ्या मुलानं माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं.

"मी विसरले नव्हते," मी म्हणाले. "अंजिराखाली, तू मोजत होतास तेव्हाच मला ठाऊक होतं."

त्यानं हात उचलला नाही. मग मिर्तोकडे गेला आणि तिला सगळं सांगितलं, आठ बोटं, अधिक महिना, त्याला काय वाटलं होतं, मी काय बोलले नाही. मी ऐकत होते. मिर्तोनं त्याच्या तोंडावर हात ठेवला, पुरे म्हणून. दुसरा हात मडक्याच्या कानाला घट्ट धरलेला होता.

दुसऱ्या सकाळी तो नावेवर गेला, दगड आणायला नाही. कारिस्तोस, आंद्रोस, जिथं जिथं माणसं विकली जातात त्या बंदरांत जाऊन विचारायला. एक तान्ही पोर. आवाज मोठा. नखं वाढलेली. पाच आठवडे झाले. एका खलाशाकडून निरोप आला तेवढाच: अजून नाही.

देवीचा सण झाला. बायका बोलवायला आल्या होत्या. मी म्हटलं, मला बरं नाही, दुसऱ्या कुणाला सांगू द्या. अंगणातून ऐकू येत होतं. थ्रासोननं महासागर घालून घेतला होता. कडवं लांबलं होतं, चाल लंगडत होती, तरी म्हणत होत्या बिचाऱ्या. मी जवाचे दाणे निवडत होते आणि ओठांनी जुनंच म्हणत होते. मध्येच थांबले. त्या कडव्यातली एकटीची कूस कशी असते, ते मला कुणी शिकवायला नको होतं.

घरात आम्ही दोघीच आहोत. मिर्तो मला एक अपशब्द बोललेली नाही. स्वयंपाक वाटून करतो. ती शेंगा आता करपू देत नाही. माहेरून तिचा भाऊ न्यायला आला होता. तिनं त्याला जेवू घालून परत पाठवलं.

फक्त तिचं दूध आटत नाही. मानियानं पाला बांधून पाहिला, घट्ट पट्ट्या बांधून पाहिल्या. पोरीच्या पाजायच्या वेळा तिच्या अंगाला पाठ झाल्यात. सकाळी एकदा, ऊन वर आल्यावर एकदा, दुपारी, दिवेलागणीला. छाती दगडासारखी होते, ताप भरतो. हातानं पिळून काढावं लागतं. मानिया येऊन करीन म्हणाली, शेजारीण म्हणाली. मिर्तो नको म्हणाली.

ती मलाच हाक मारते.

"या, सासूबाई."

मी हात धुते, ऊन पाण्यात फडकं बुडवते, तिच्यासमोर बसते. ती वस्त्र खाली करते आणि माझ्या चेहऱ्याकडे बघते, नजर हलवत नाही. मी खाली वाडगा धरते. पहिली धार येईपर्यंत फार दुखतं तिला, दात खाते पण ओरडत नाही.

आज दुपारी वाडगा कलला आणि थोडं जमिनीवर सांडलं.

"हळू," मिर्तो म्हणाली. "तिच्या वाट्याचं आहे ते."

मी वाडगा नीट धरला. अजून दुसरी बाजू राहिली होती.